विश्लेषण : ओझरची आसने वाढली, तरी नाशिककर मुंबईची गाडी का पकडतो?

विमान कंपनीने एखाद्या विमानतळावर लहान विमानाऐवजी मोठे विमान आणले की ‘आसनक्षमता दुपटीने वाढली’ अशी बातमी होते. ओझरच्या नाशिक विमानतळाबाबत गेल्या काही वर्षांत असेच घडले आहे. ७८ आसनांच्या एटीआर विमानांपासून सुरू झालेला इंडिगोचा इथला कारभार दिल्ली आणि बंगळूरुसाठी १८० आसनांच्या एअरबसपर्यंत पोहोचला. मात्र वाढलेल्या आसनांचा फायदा नेमका कोणाला होतो आणि कोणाला होत नाही?

द्वारकेवरून किती रस्ते फुटतात?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना मिळतात. हातात बॅग घेऊन पहाटे इथे उभ्या असलेल्या माणसाला विमानाने दिल्लीला जायचे असेल, तर त्याच्यापुढे अनेक पर्याय असतात. धुळ्याच्या दिशेने साधारण २० किलोमीटर गेले की ओझर. सिन्नरमार्गे ९० किलोमीटरच्या आसपास शिर्डीचा विमानतळ, तो ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे. उलट्या दिशेने कसारा घाट उतरून १७० किलोमीटरवर मुंबई. आणि आता नवी मुंबईही, जिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. २० किलोमीटरवर विमानतळ असताना कोणी १७० किलोमीटर कशाला जाईल, असे नकाशा पाहून वाटते. तरीही मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या भरतात. ओझरच्या आसनक्षमतेचा विचार इथूनच सुरू करायला हवा, कारण ओझरची खरी स्पर्धा दुसऱ्या विमान कंपनीशी नाही, या गाड्यांशी आहे.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ही स्पर्धा आणखी तीव्र झाली. घाटातला वेळ वाचला म्हणजे मुंबईचे विमानतळ नाशिकच्या तेवढे जवळ सरकले. रस्ता सुधारला की गावातला विमानतळ सुधारतोच असे नाही. पुष्कळदा उलटे होते.

ओझरचा इतिहास काय सांगतो?

ओझरची धावपट्टी प्रवाशांसाठी बांधलेलीच नव्हती. मिग-२१ विमानांच्या उत्पादनासाठी १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा (एचएएल) कारखाना इथे आला आणि त्याच्यासोबत ही धावपट्टी आली. ती ३ हजार मीटर लांब आहे. एअरबस ए-३२० सारख्या विमानाला याहून पुष्कळ कमी लांबी पुरते. म्हणजे मोठ्या विमानांसाठी धावपट्टी ही ओझरची अडचण कधीच नव्हती. राज्य शासनाने उभारलेली प्रवासी इमारत मार्च २०१४ मध्ये तयार झाली. धावपट्टी होती, इमारत होती, वातानुकूलित प्रतीक्षालय होते. नव्हते ते फक्त नियमित विमान. २०१५ चा सिंहस्थ कुंभमेळा आला आणि गेला, तरी नियमित प्रवासी सेवा काही रुजली नाही.

ती आली डिसेंबर २०१७ मध्ये, केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून. एअर डेक्कनने १८-१९ आसनांचे छोटे विमान मुंबई आणि पुण्यासाठी सुरू केले. वेळापत्रक सतत कोलमडत राहिले आणि सेवा बंद पडली. त्यानंतर १५ जून २०१८ रोजी जेट एअरवेजचे दिल्ली विमान आले, आठवड्यातून तीन दिवस. बोइंग ७३७ सारखे मोठे विमान ओझरहून नियमित उडते आणि त्याला प्रवासीही मिळतात, हे नाशिककरांनी तेव्हा प्रथमच अनुभवले. पण १७ एप्रिल २०१९ रोजी जेटच जमिनीवर आली. ओझरच्या प्रवाशांचा त्यात काही दोष नव्हता. पुढे अलायन्स एअर, ट्रूजेट, स्टार एअर, स्पाइसजेट अशा कंपन्या अहमदाबाद, हैदराबाद, बेळगाव, बंगळूरु, दिल्ली अशी नावे फलकावर लावून गेल्या. एकेक करून फलक उतरलेही.

१५ मार्च २०२३ रोजी इंडिगोने गोवा (मोपा), अहमदाबाद आणि नागपूर या तीन शहरांसाठी एटीआर विमाने सुरू केली. पुढे इंदूर व हैदराबाद जोडले गेले, दिल्ली आले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळूरु. आजवरच्या प्रयत्नांमध्ये सर्वांत जास्त टिकलेला आणि वाढत गेलेला प्रयत्न हाच आहे, हे मान्य करायला हवे.

अनुदान संपले की विमान का जाते?

‘उडान’मध्ये कंपनीला निवडक मार्गांवर तीन वर्षे तोटा भरून काढणारे अनुदान आणि त्या मार्गावर एकाधिकार मिळतो. बदल्यात विमानातील ठरावीक आसने मर्यादित भाड्यात द्यावी लागतात. कल्पना अशी की तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल आणि मग मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील. प्रत्यक्षात काय झाले ते ‘कॅग’च्या ऑगस्ट २०२३ मधील अहवालात आहे. मंजूर ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले. त्यातील ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही चालू राहिले फक्त ५४. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाची मुंबई सेवाही मुदत संपल्यावर थांबली. त्यामुळे ओझरला अनुदानाशिवाय मोठे विमान उडते, ही बाब वरवर दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. कंपनी तिथे स्वतःचे पैसे पणाला लावते आहे. तिला प्रवासी दिसतो आहे.

आसनक्षमता कशी मोजतात?

हिशेब साधा आहे : फेऱ्या गुणिले आसने. इंडिगोच्या एटीआर ७२ मध्ये ७८ आसने असतात. रोज एक विमान येऊन परत गेले, तर येणारी व जाणारी मिळून १५६ आसने, ३० दिवसांची ४,६८०. त्याच वेळेला १८० आसनांचे ए-३२० आणले तर रोजची ३६० आणि महिन्याची १०,८००. एकही फेरी न वाढवता क्षमता दुपटीहून अधिक. बातमीतील ‘दुप्पट’ बहुतेक वेळा अशी आलेली असते.

७८ हा आकडाही गमतीचा आहे. भारतात ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याच्या शुल्कातून सवलत देण्याचे धोरण जुने आहे. या वर्गातील विमानांना इंधनावरील करातही दिलासा आहे. ७८ आसनांचे विमान या मर्यादेच्या आत राहते आणि कंपनीला सवलत मिळते. लहान शहरांच्या विमानसेवेचे गणित एवढ्या बारीक ठिकाणी ठरते.

एटीआर पंख्याचे विमान. ताशी साधारण ५०० किलोमीटर वेग, इंधन कमी, एका फेरीचा खर्च कमी. अहमदाबाद किंवा इंदूरसारख्या साडेतीनशे किलोमीटरच्या हवाई अंतराला ते उत्तम. दिल्ली मात्र ओझरपासून जवळपास हजार किलोमीटर आहे, बंगळूरु साडेआठशेच्या पुढे. तिथे ए-३२० चा वेग उपयोगी पडतो. फेरीचा एकूण खर्च वाढतो, पण तो १८० जणांत वाटला गेल्याने दर आसनामागचा खर्च उतरतो. अट एकच, आसने भरली पाहिजेत. ८० टक्के विमान भरायचे तर एटीआरला ६२ प्रवासी पुरतात, ए-३२० ला १४४ लागतात. रोज, दोन्ही दिशांना, श्रावणातल्या मंगळवारीसुद्धा.

मग मोठे विमान चांगले की जास्त फेऱ्या?

खरा प्रश्न हा आहे. एटीआरच्या रोज दोन फेऱ्या म्हणजे ३१२ आसने. ए-३२० ची एक फेरी म्हणजे ३६०. कागदावर दुसरा पर्याय मोठा. पण द्वारकेवरच्या माणसाच्या दृष्टीने पाहू.

ओझरहून दिल्ली : पाऊण तास रस्ता, दीड तास आधी पोहोचणे, दोन तास उड्डाण. एकूण सव्वाचार तास. मुंबईमार्गे : चार तास रस्ता, दोन तास आधी, दोन तास उड्डाण. आठ तास. ओझर सुमारे पावणेचार तास वाचवते. घाटात ट्रक बंद पडला असेल तर जास्तच.

आता वेळापत्रक पाहू. प्रवाशांना सकाळी ६ ते रात्री १० या १६ तासांत कधीही निघायचे आहे असे धरले आणि ओझरहून एकच विमान दुपारी २ वाजता असले, तर प्रवाशाची सोयीची वेळ आणि विमानाची वेळ यांत सरासरी ४ तासांचे अंतर पडते. म्हणजे वाचलेला वेळ वाट पाहण्यात किंवा काम अर्धवट टाकून लवकर निघण्यात संपला. तेच एकमेव विमान रात्री १० चे असेल तर सरासरी अंतर ८ तास, सरळ तोटा. याउलट सकाळी १० आणि संध्याकाळी ६ अशी दोन विमाने असतील तर सरासरी अंतर २ तासांवर येते आणि ओझर स्पष्टपणे जिंकते. मुंबईहून दिल्लीला दिवसभर विमाने असतात, तिथे हे अंतर जवळपास शून्य. टॅक्सीत बसणारा नाशिककर चुकीचा हिशेब करत नाही. तो हाच हिशेब मनात करतो.

हा हिशेब ढोबळ आहे, सगळ्यांना तो सारखा लागू नाही. गोव्याला चाललेले कुटुंब किंवा हैदराबादला विमान बदलून तिरुपतीला जाणारे आजी-आजोबा विमानाच्या वेळेनुसार आपला दिवस ठरवतात. त्यांना भाडे महत्त्वाचे. एकाच विमानातली आसने वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विकली जातात, स्वस्त गट आधी संपतात. ७८ आसनांच्या विमानात स्वस्त आसने मुळात थोडी, १८० च्या विमानात जास्त. मोठ्या विमानाचा फायदा या प्रवाशाला नक्की मिळतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यातील खरेदी विभागाचा माणूस, सुनावणीसाठी दिल्लीला जाणारा वकील, सकाळी जाऊन रात्री परत यायचे असलेला सल्लागार यांना मात्र तो मिळत नाही. आणि भरलेले भाडे देऊन मार्गाला नफ्यात ठेवणारा प्रवासी हाच असतो. त्याला मुंबईकडे जाऊ दिले, तर मोठे विमान केवळ स्वस्त भाड्यांवर चालवावे लागते. ते किती काळ चालेल?

नाशिकच्या उद्योजकांच्या आणि पर्यटन व्यावसायिकांच्या संघटना अनेक वर्षे ‘नवी शहरे जोडा’ म्हणून पाठपुरावा करत आल्या आहेत. नवे शहर जोडल्याचा कार्यक्रम होतो, केक कापला जातो, पाण्याच्या फवाऱ्याने विमानाचे स्वागत होते. दिल्लीची दुसरी फेरी सुरू झाली तर यातले फारसे काही होत नाही. पण सध्याच्या अवस्थेत आठव्या शहरापेक्षा दिल्लीला सकाळ-संध्याकाळ विमान मिळणे नाशिकसाठी अधिक मोलाचे आहे. तिथून पुढची शेकडो ठिकाणे एका तिकिटावर जोडली जातात.

वेळ ठरवते कोण?

विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात : उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ओझरची वेळ ठरवताना दिल्लीतील मोकळी वेळ आधी पाहिली जाते. तिथे सकाळ-संध्याकाळच्या वेळा मिळणे अवघड, आणि मिळाल्या तर कंपनी त्या ज्या मार्गावर जास्त पैसे मिळतात तिथे वापरते. नाशिकला उरलेली वेळ येते. विमान रात्री ओझरला मुक्कामी असेल तर पहाटेची फेरी सोपी होते. त्यासाठी विमान उभे करण्याची जागा, तंत्रज्ञ, कर्मचाऱ्यांच्या निवासाची सोय असे सगळे लागते.

दुसरी बाजू एचएएलची. ओझर हा भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा विमानतळ नाही, तो एका कारखान्याचा विमानतळ आहे. सुखोई-३० एमकेआय इथे बनले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथेच तेजस एमके-१ए ची तिसरी आणि एचटीटी-४० प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली, नाशिकमध्ये बनलेले पहिले तेजस त्या दिवशी उडाले. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लढाऊ विमानाला चाचणी उड्डाणे करावी लागतात आणि ती याच धावपट्टीवरून होतात. तेजसचे उत्पादन वाढेल तसा दिवसाचा वेळ आणखी वाटला जाणार. समांतर दुसऱ्या धावपट्टीची योजना त्यासाठीच महत्त्वाची ठरते. एचएएलला प्रवासी वाहतूक जमत नाही असे नाही. मे २००८ पर्यंत सगळ्या बंगळूरुची विमाने एचएएलच्याच विमानतळावरून उडत होती. पण शासनाने एचएएलकडे विमाने बनवण्याचे काम दिले आहे, प्रवाशांच्या वेळा जुळवण्याचे नाही. तो आग्रह दुसऱ्या कोणी धरावा लागेल.

कुंभमेळ्याने चित्र बदलेल?

आगामी सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. मुख्य अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी नाशिकमध्ये, तर शेवटचे त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. त्यासाठी ओझरच्या प्रवासी इमारतीच्या विस्ताराची तयारी सुरू आहे. विस्ताराची गरज खरी आहे. १८० आसनांचे एक विमान येऊन परत निघते तेव्हा तासाभरात ३६० माणसे त्या इमारतीतून जातात. अशी दोन विमाने एकाच वेळी आली तर ७२०. तपासणीच्या रांगा, सामानाचे पट्टे, बाहेरची वाहने या सगळ्यांवर एकदम ताण येतो. दोन विमानांत दीड तासाचे अंतर ठेवले तर तीच इमारत पुरते. पुन्हा प्रश्न वेळेचाच.

कुंभमेळ्याचा यात्रेकरू मात्र विमानाने येत नाही. रेल्वेने, बसने, ट्रॅक्टरने, पायी येतो. रोज दहा ए-३२० उतरली तरी येणारी माणसे १,८००, आणि पर्वणीला रामकुंडावर गर्दी लाखोंची. त्या काळात जादा विमाने येतील, भाडीही चढतील. पण ती आसने पाहुण्यांची असतील. स्नानाचे दिवस ऐन पावसाळ्यात आहेत. पर्वणी उलटून सप्टेंबर संपला की नव्या इमारतीत किती नियमित फेऱ्या उरतात, ते मोजावे लागेल. २०१४ मध्ये बांधलेल्या इमारतीला पहिले नियमित विमान मिळायला पावणेचार वर्षे लागली होती, हे विसरण्याइतके जुने नाही.

एकाच कंपनीचा धोका किती?

ओझरची भिस्त आज जवळपास पूर्णपणे इंडिगोवर आहे. देशांतर्गत वाहतुकीत या कंपनीचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक असल्याने यात नवल नाही. पण डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यांत वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा मेळ न बसल्याने कंपनीची हजारो उड्डाणे देशभर रद्द झाली आणि केंद्राने तिच्या वेळापत्रकात १० टक्के कपात करायला लावली. मुंबईच्या प्रवाशाकडे तेव्हा महागडा का होईना, दुसरा पर्याय होता. जिथे एकच कंपनी, तिथे प्रवाशाने काय करायचे? कंपनीला कुठे कपात करायची असेल तर ती दिवसात पंधरा फेऱ्या असलेल्या मार्गावर एक कमी करील, तसेच एकच फेरी असलेला मार्ग पूर्ण थांबवूही शकते. ओझरला दुसरी कंपनी आणण्याचे प्रयत्न म्हणूनच इंडिगोच्या विरोधातले मानायचे कारण नाही.

आसनांबरोबर सामानही वाढते का?

थोडेफार. ए-३२० च्या पोटात एटीआरपेक्षा बरीच जागा असते आणि उद्योगांचे सुटे भाग किंवा औषधांची खोकी त्यातून जाऊ शकतात. प्रत्येक बातमीत द्राक्षे मात्र उगाच येतात. नाशिकची निर्यातक्षम द्राक्षे शीतकंटेनरमधून जेएनपीएला जातात आणि जहाजाने युरोप गाठतात. ती प्रवासी विमानात बसणार नाहीत. ओझरच्या मालवाहू संकुलातून आखाती देशांत गाजलेली निर्यात होती ती शेळ्या-मेंढ्यांची, आणि तीही खास मालवाहू विमानांनी.

शेवटचे २० किलोमीटर कोणाचे?

द्वारकेहून निघालेली गाडी उड्डाणपुलावर चढली की आडगावपर्यंत बरी जाते. दहाव्या मैलावर महामार्ग सोडून जानोरीच्या रस्त्याला लागावे लागते, कारण प्रवासी इमारत ओझर गावात नाही, दिंडोरी तालुक्यातील जानोरीच्या बाजूला आहे. रिक्षावाला एकेरी भाड्याला तयार होत नाही, परतीचेही मागतो. ओला-उबरचा भरवसा नाही. चार जणांच्या कुटुंबाला हा खर्च झेपतो, एकट्या प्रवाशाला तो तिकिटाच्या स्वस्ताईतून वजा करावा लागतो. आणि हे सगळे द्वारका चौकाची कोंडी पार केल्यानंतर. पुण्याच्या रस्त्याने नाशिकरोडहून येणाऱ्याला संध्याकाळी तो चौक ओलांडायला किती वेळ लागेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून तो अर्धा तास आधी निघतो. वरच्या हिशेबातला पाऊण तास मग सव्वा तास होतो.

यातला सर्वांत स्वस्त उपाय महापालिकेच्या हातात आहे. सिटीलिंकच्या बस द्वारकेवरून जातात. विमानाच्या प्रत्येक वेळेआधी दोन तास नाशिकरोडहून निघणारी, द्वारकेवर थांबणारी आणि विमान उतरल्यावर अर्ध्या तासाने परत फिरणारी एक बस चालवायला नवी धावपट्टी लागत नाही. विमानाला उशीर झाला तर बस थांबली पाहिजे, एवढेच तिच्या चालकाला सांगावे लागेल.